पृथ्वीएवढे मांजर

अंधाऱ्या गल्लीत कचऱ्याचे डबे हुंगत फिरणारे एक भुकेले मांजर. डब्यांत काही हाती लागत नाही म्हणून ते एका घराच्या आवारात शिरते, राखणीच्या बुलडॉगला झोपेच्या गोळ्या चारून आडवे करते आणि स्वयंपाकघरातला फ्रिज गाठते. तिथे त्याला मांजरांच्या खाद्याचा एक डबा मिळतो, आणि डब्यातून बाहेर येतो एक जिवंत उंदीर. मांजर त्याला गिळणार एवढ्यात उंदीर त्याला थांबवतो. तो सांगतो, की हा कार्टूनपट आपण पूर्वी पाहिलेला आहे आणि तो संपण्याआधी आपणच मांजराचा जीव वाचवणार आहोत. तेव्हा आपल्याला खाण्यात मांजराचेच नुकसान आहे. मांजराला हा युक्तिवाद पटतो.

उंदीर त्याला दुसऱ्या खोलीतल्या कॅनरी पक्ष्याकडे धाडतो. पण हा पक्षी निघतो मूठभर पिसांचा, एका घासालाही अपुरा. मग मांजराच्या नजरेस पडते रोपे वाढवण्याच्या औषधाची बाटली. मांजर ते औषध पक्ष्याला पाजते. पक्षी वाढतो, आणखी वाढतो आणि मांजराहूनही मोठा होऊन बसतो. आता मांजरालाही ते पिणे भाग पडते. खिडकीबाहेर भिरकावलेली बाटली बुलडॉगच्या हाती लागते, तिथून ती एका धुराड्यातून थेट उंदरापाशी पोहोचते, आणि अवाढव्य झालेला तो उंदीर खरोखरच बुलडॉगला पळवून लावतो. दिलेला शब्द पाळला गेला. इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण मांजराची भूक अजून शिल्लक आहे आणि समोर इमारतीएवढा उंदीर उभा आहे.

पुढे नुसता पाठलाग. एक घोट याचा, एक घोट त्याचा. घरे खेळण्यांसारखी दिसू लागतात, डोंगर ठेंगणे होतात. अखेर दोघेही थांबतात, प्रेक्षकांकडे वळतात आणि काहीशा दिलगिरीने कळवतात, की औषध संपल्यामुळे चित्रपट इथेच थांबवावा लागत आहे. दृश्य मागे मागे सरकते. इवल्याशा पृथ्वीच्या गोळ्यावर मांजर आणि उंदीर एकमेकांच्या गळ्यात हात टाकून, तोल सावरीत उभे आहेत आणि आपला निरोप घेत आहेत.

‘किंग-साइज कॅनरी’ हा सुमारे आठ मिनिटांचा कार्टूनपट एमजीएम कंपनीने डिसेंबर १९४७ मध्ये प्रदर्शित केला. १९९४ साली ॲनिमेशनच्या जाणकारांनी निवडलेल्या पन्नास सर्वोत्तम कार्टूनपटांची यादी अमेरिकेत पुस्तकरूपाने निघाली, तेव्हा तिच्या पहिल्या दहांत त्याला स्थान मिळाले. अणुबॉम्ब पडून जेमतेम दोन वर्षे झाली होती. त्यामुळे या चित्रपटात शस्त्रस्पर्धेचे रूपक पाहणारेही पुढे पुष्कळ निघाले. ते चूक आहेत असे नाही. पण माझ्या मते या चित्रपटाचे खरे वेड दुसरेच आहे. बैलाएवढी होऊ पाहणारी इसापची बेडकी शेवटी फुटते, आणि फुटते म्हणून आपल्याला शहाणपण शिकवून जाते. इथे फुटत कोणीच नाही. ज्या भुकेपायी हे सारे सुरू झाले ती मात्र शेवटच्या क्षणीही भागलेली नाही. असा शेवट सुचणारा माणूस कोण, कसा होता, हे पाहणे म्हणूनच अगत्याचे ठरते.

त्याचे नाव फ्रेडरिक बीन एव्हरी. टेक्सासचा म्हणून टेक्स. २६ फेब्रुवारी १९०८ रोजी टेक्सासमधल्या टेलर या छोट्या गावी त्याचा जन्म झाला. आईचे माहेरचे आडनाव बीन. सीमेवर स्वतःचा कायदा चालवणारा कुप्रसिद्ध न्यायाधीश रॉय बीन आपल्या पूर्वजांपैकी, अशी एक कथा घरात सांगितली जाई. वंशवृक्षाची बारकाईने तपासणी करणाऱ्यांना तिच्यात फारसे तथ्य आढळत नाही, पण अतिशयोक्ती हा ज्याचा पुढे धंदाच होणार होता त्याच्या बालपणी अशी एखादी कथा असावी हे शोभूनच दिसते. डॅलसच्या नॉर्थ डॅलस हायस्कूलमध्ये तो शिकला. तिथल्या पोरांची आपसात बोलण्याची एक बेफिकीर तऱ्हा होती. भेटेल त्याला डॉक्टर या शब्दाच्या लघुरूपाने हाक मारायची आणि काय चालले आहे ते विचारायचे. ही तऱ्हा त्याच्या कानात राहिली. बारा-तेरा वर्षांनी एका सशाच्या तोंडी ती बसवल्यावर साऱ्या जगाने ती उचलली.

त्याला व्हायचे होते वर्तमानपत्री चित्रमालिकाकार. शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमधला उन्हाळी अभ्यासक्रम करून पाहिला, संपादकांकडे नमुने पाठवले, कोणी दाद दिली नाही. १९२८ साली तो कॅलिफोर्नियाला आला आणि मिळेल ते काम करू लागला. गोदीत हमाली केली, रात्री समुद्रकिनाऱ्यावर झोप काढली. ॲनिमेशनमध्ये तो शिरला ते पोटासाठी. वॉल्टर लँट्झच्या स्टुडिओत शाई-रंगाचे काम करता करता तो रेखाटनाकडे वळला. इथेच शाई भरणाऱ्या मुलींमध्ये त्याला पत्नी भेटली. आणि इथेच त्याचा डावा डोळा गेला.

ही घटना सांगताना हात जरा अडखळतो. कारण तीही एक थट्टाच होती. तरुण मुलांनी भरलेल्या त्या स्टुडिओत मागून कागदाचे बोळे मारण्याचा खेळ सतत चाले. एके दिवशी कोणी तरी रबरबँडमध्ये बोळ्याऐवजी कागदांना लावायची तारेची क्लिप ताणली. सावध करण्यासाठी कोणी तरी ओरडले, एव्हरी वळला आणि क्लिप थेट डोळ्यात घुसली. एरवी मानेमागे आपटून हसण्यावारी गेली असती अशी ती गोष्ट त्याला जन्मभर पुरली. दोन डोळ्यांनी मिळून कळणारी खोली त्याला त्यानंतर कधी जाणवली नाही. त्याच्या पडद्यावरची सपाट, भरधाव, आंतर-अंतराचे नियम धुडकावणारी दुनिया या अपघातातून आली, असे म्हणणारे अभ्यासक आहेत. मला हे स्पष्टीकरण फार सोयीचे वाटते. मात्र पुढे वीस वर्षे त्याच्या प्रत्येक चित्रपटात कोणाचे ना कोणाचे डोळे खोबणीतून हातभर बाहेर येतात, हेही नजरेआड करता येत नाही.

१९३५ साली तो लिऑन श्लेसिंगरकडे गेला. हा गृहस्थ वॉर्नर ब्रदर्ससाठी कार्टूनपट बनवून देणारा कंत्राटदार. आपण दोन चित्रपट दिग्दर्शित केले आहेत अशी थाप एव्हरीने मारली आणि ती खपली. त्याला चार-पाच तरुणांची तुकडी मिळाली. चक जोन्स आणि बॉब क्लॅम्पेट हे पुढे विख्यात झालेले दोघे त्यांतलेच. जागा मिळाली ती सनसेट बुलेव्हार्डवरच्या आवारातली एक मोडकी लाकडी खोली. वाळवीने ती इतकी पोखरली होती, की पोरांनी तिचे नाव ‘टरमाइट टेरेस’ ठेवले. अमेरिकन विनोदाच्या इतिहासात या वाळवीच्या माडीला आज तीर्थक्षेत्राचा मान आहे.

तेव्हा ॲनिमेशन म्हणजे वॉल्ट डिस्ने असे समीकरण होते. डिस्नेची जनावरे अधिकाधिक खरी होत चालली होती. त्यांना वजन होते, श्वास होता, हृदय होते. पैसा आणि माणसे डिस्नेकडे होती. त्या वाटेने जाऊन आपण कायम दुसरेच राहणार हे एव्हरीने ओळखले आणि उलटी वाट धरली. कार्टून खोटे असते, मग ते खोटेच असू द्यावे. पात्रांना माहीत असू द्यावे की आपण पात्रे आहोत. चित्रपटगृहात उशिरा येऊन रांगेतून वाट काढणाऱ्या प्रेक्षकाची सावली पडद्यावर दिसावी आणि पडद्यावरच्या पात्राने तिच्याशी हुज्जत घालावी. ‘किंग-साइज कॅनरी’मधला तो उंदीर आपण हा चित्रपट पाहिला असल्याचे सांगतो, त्याचे मूळ इथे आहे.

१९३७ च्या एप्रिलमध्ये ‘पोर्कीज डक हंट’ आला. शिकारी डुक्कर आणि शिकार बदक अशी साधी मांडणी. पण हे बदक गोळी चुकवून लपत नव्हते, ते वेड्यासारखे हसत पाण्यावर कोलांट्या मारीत जात होते. डॅफी डक जन्माला आला. तीन वर्षांनी, जुलै १९४० मध्ये ‘अ वाइल्ड हेअर’. याआधी दोन वर्षे स्टुडिओत एक खिदळणारा, उड्या मारणारा ससा वेगवेगळ्या दिग्दर्शकांच्या हातून फिरत होता. एव्हरीने त्याचा थिल्लरपणा काढून टाकला. त्याचा ससा शिकाऱ्याला पाहून पळत नाही. बंदुकीच्या नळीसमोर गाजर चावत उभा राहतो आणि नॉर्थ डॅलसच्या पोरांसारखी चौकशी करतो. मेल ब्लँकने त्याला आवाज दिला. बग्ज बनीचा जनक कोण, यावर नंतर त्या मित्रांमध्ये पुष्कळ कटुता आली आणि श्रेयाचे दावे म्हातारपणापर्यंत चालू राहिले. बारसे आणि नाकडोळे इतरांचे असतील. पण ससा निर्भय झाला तो एव्हरीच्या हातून, याबद्दल फारसा वाद नाही.

हाच ससा त्याच्या तिथून जाण्याचेही निमित्त ठरला. १९४१ च्या ‘द हेकलिंग हेअर’मध्ये ससा आणि कुत्रा एका कड्यावरून कोसळतात. पडतात, पडतात, पडतच राहतात. एव्हरीला ते पडणे आणखी लांबवायचे होते. तयार शेवट कापला गेला. वाद झाला, निलंबन झाले आणि तो बाहेर पडला. कुठे थांबायचे यावरून मालकाशी झालेले हे भांडण होते, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

त्याच वर्षी तो कल्व्हर सिटीला एमजीएममध्ये दाखल झाला. हॉलीवूडमधली ही सर्वांत श्रीमंत कंपनी. कार्टून विभागाचा प्रमुख फ्रेड क्विंबी हा धंद्याचा माणूस. विनोदाशी त्याचे विशेष सख्य नसल्याच्या आठवणी तिथल्या सगळ्यांनीच सांगितल्या आहेत. याच विभागात विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा ही जोडी ‘टॉम अँड जेरी’ करीत होती. एकाच छताखाली एका बाजूला ही राजमान्य मांजर-उंदराची जोडी, दुसऱ्या बाजूला एव्हरीचे पिसाट प्राणी. टॉम आणि जेरी यांनी १९४० च्या आणि ५० च्या दशकांत मिळून सात ऑस्कर मिळवले. एव्हरीच्या वाट्याला नामांकने आली, ऑस्कर एकदाही नाही. गंमत अशी, की एव्हरी आल्यानंतर टॉम आणि जेरी यांचाही वेग वाढला, मार जोरात बसू लागला. शेजाऱ्याच्या चुलीवरचा वास आपल्या भाजीला लागावा तसे झाले. नव्वदीच्या दशकात केबलवाल्याच्या कृपेने आपल्याकडच्या घराघरांत टॉम आणि जेरी यांची मारामारी दिवसभर चालू लागली. तिच्यात किती एव्हरी मिसळलेला आहे हे तेव्हा ती पाहणाऱ्यांपैकी क्वचितच कोणाला ठाऊक असेल.

हा वेग म्हणजे नेमके काय, ते समजून घ्यायला हवे. चित्रपटात सेकंदाला चोवीस चौकटी. प्रत्येक हालचाल आधी चौकटींत मोजायची आणि मग काढायची. एखादी ऐरण वरून डोक्यात पडणार असेल तर ती पडद्यावर किती आधी दिसावी? लवकर दिसली तर प्रेक्षक सावध होतो, उशिरा दिसली तर काय झाले तेच त्याला कळत नाही. एव्हरीने प्रयोग करून ठरवले, की डोळ्याला नोंद घ्यायला पाच-सहा चौकटी पुरतात. म्हणजे सेकंदाचा जेमतेम पाव हिस्सा. संपूर्ण विनोद या पाव सेकंदात बसवायचा. पूर्ण झालेली फीतही तो पुन्हा संकलनयंत्रावर चढवायचा आणि इथली एक, तिथली दोन चौकटी कात्रीने उडवायचा. एकेक चौकट ज्यांनी हाताने रंगवली होती त्यांना काय वाटत असेल ते असो.

हेक ॲलन हा त्याचा कथालेखक. हा मूळचा पश्चिमेकडच्या घोडेस्वारांच्या कादंबऱ्या टोपणनावांनी लिहिणारा, आणि त्या प्रांतात नाव कमावलेला लेखक. पण कार्टूनपटांचे श्रेय तो स्वतःकडे घेत नसे. त्याच्या म्हणण्यानुसार विनोद सगळे एव्हरीचेच, आपण केवळ त्याला ऐकायला माणूस हवा म्हणून खोलीत बसत होतो. एव्हरीला अशा कानाची खरोखर गरज असे. प्रत्येक रेखाचित्र तो स्वतः दुरुस्त करी, प्रत्येक हालचाल स्वतः करून दाखवी, आणि तरीही हे हसण्याजोगे आहे की नाही याची त्याला खात्री नसे. थोरल्या अंगाचा, लाजरा, माणसांत फारसे न मिसळणारा असा हा गृहस्थ. पडद्यावर धुमाकूळ घालणाऱ्या लांडग्यांशी त्याच्या वागण्याचा मेळ बसत नसे.

एमजीएममधली दहा-बारा वर्षे हा त्याचा ऐन बहराचा काळ. १९४२ मध्ये हिटलरला लांडगा बनवणारा ‘ब्लिट्झ वुल्फ’. १९४३ मध्ये ‘डम्ब-हाउंडेड’, ज्यात ड्रूपी अवतरला. जगातला सर्वांत मरगळलेला कुत्रा. पळून जाणारा लांडगा रेल्वे, जहाज, विमान पकडून पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला पोहोचतो आणि दार उघडतो तर ड्रूपी तिथे आधीच उभा. वेगाचा हा उपासक आपल्या सर्वांत लाडक्या पात्राला जागचा हलूही देत नाही, आणि जिंकतो तोच. त्याच वर्षीच्या ‘रेड हॉट रायडिंग हूड’मध्ये लाल टोपीवाली मुलगी नाइटक्लबात गाते आणि तिला पाहून लांडग्याचे डोळे, जीभ, जबडा सगळेच हाताबाहेर जाते. सेन्सॉरने कात्री चालवली. युद्धावर गेलेल्या सैनिकांमध्ये मात्र त्या चित्रपटाने धमाल उडवली. ‘स्क्रूई स्क्विरल’ नावाची एक आगाऊ खार त्याने १९४४ मध्ये काढली. पाच चित्रपटांनंतर त्याला तिचा कंटाळा आला, तेव्हा शेवटच्या चित्रपटात एका धिप्पाड कुत्र्याच्या प्रेमळ मिठीत त्याने तिला चिरडून टाकले. निर्मात्याचा इतका कोरडा निर्णय कार्टूनच्या दुनियेत दुर्मीळच.

आणि १९४९ चा ‘बॅड लक ब्लॅकी’. मला तो ‘किंग-साइज कॅनरी’च्याही वर ठेवावासा वाटतो. एक बुलडॉग एका इवल्या पांढऱ्या पिलाचा छळ मांडून बसलेला. एक काळा बोका त्या पिलाला शिट्टी देतो; ती वाजवली, की बोका ऐटीत बुलडॉगला आडवा जाणार आणि आकाशातून काही तरी त्याच्या टाळक्यात पडणार. मांजर आडवे जाण्याचा अपशकुन आपल्याकडे कोणाला समजावून सांगायला नको. आधी कुंडी पडते, मग पियानो, मग मोरीचे भांडे, रोडरोलर, विमान, बस, शेवटी अख्खे जहाज. वस्तू वाढत जातात, कारण कधीच सांगितले जात नाही, आणि तेच त्याचे सौंदर्य. पण शेवट पाहा. बुलडॉग देशोधडीला लागल्यावर ते गोजिरे पिलू हसते, आणि ते हसणे हुबेहूब बुलडॉगचे असते. छळणारा गेला, त्याचे हसू मागे राहिले. मुलांसाठीची करमणूक म्हणून जे खपत होते त्यात हा माणूस असे काही सहज ठेवून जाई.

इथेच दुसरीही बाजू सांगायला हवी. त्या काळच्या हॉलीवूडमध्ये काळ्या माणसांची, आशियाई, आफ्रिकी लोकांची जी ओंगळ थट्टा सर्रास चाले ती एव्हरीच्या चित्रपटांतही आहे, आणि ती थोडीथोडकी नाही. स्फोट झाला, की चेहरा काळा पडून ओठ जाड होणे हा त्याचा ठरलेला विनोद. वांशिक चित्रणामुळे १९६८ साली वॉर्नरचे जे अकरा कार्टूनपट दूरदर्शन प्रक्षेपणातून कायमचे बाजूला काढण्यात आले त्यांपैकी तीन एव्हरीचे आहेत. काळच तसा होता असे म्हणून हे झटकता येते. पण साऱ्या नियमांची खिल्ली उडवणाऱ्या या कलावंताला हा एक नियम मोडावासा कधी वाटला नाही, याची खंत त्याच्या चाहत्यांनाही वाटावी.

चौकटी मोजता मोजता माणूस झिजत होता. १९५० मध्ये तो थकून कोसळण्याच्या बेतात आला आणि सुमारे वर्षभर कामापासून दूर राहिला. त्याची तुकडी डिक लंडीने सांभाळली. ऑक्टोबर १९५१ मध्ये तो परतला. ‘मॅजिकल माएस्ट्रो’ १९५२ मध्ये प्रदर्शित झाला. गायक बुलडॉग ऑपेरा गात असताना पडद्याच्या खालच्या कडेला एक केस थरथरत राहतो, जुन्या चित्रपटगृहांत प्रक्षेपकाच्या फटीत अडकायचा तसा. प्रेक्षक वैतागतात, आणि मग गायक गाणे न थांबवता वाकून तो केस उपटतो आणि फेकून देतो. प्रक्षेपण करणारे अनेक जण हा केस काढायला धावले म्हणतात. १९९३ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहात जतन करण्यासाठी हा चित्रपट निवडला गेला. तो निघाला तेव्हा मात्र विभागातले हिशेबनीस खर्च मोजत होते. दूरचित्रवाणी दारात येऊन उभी होती, चित्रपटगृहांचे उत्पन्न घटत होते, आणि मुख्य चित्रपटाआधी दाखवायच्या आठ मिनिटांवर एवढा पैसा कोण घालणार? १९५३ मध्ये एव्हरीची तुकडी बंद झाली.

तो पुन्हा लँट्झकडे गेला, जिथून सुरुवात केली होती तिथेच. १९५४-५५ मध्ये चार चित्रपट केले. त्यांतल्या दोनांना ऑस्करची नामांकने मिळाली. चिली विली या थंडीने कुडकुडणाऱ्या पेंग्विनला त्याने आकार दिला. पैशांवरून जमले नाही आणि चित्रपटगृहांसाठी कार्टूनपट बनवणे त्याने सोडले. तेव्हा तो सत्तेचाळीस वर्षांचा होता.

पुढची वीसेक वर्षे त्याने जाहिराती केल्या. ‘रेड’ या कीटकनाशकाच्या जाहिरातींतली झुरळे औषधाचा डबा पाहताच किंचाळत उडतात, ती एव्हरीची. पाच-सहा चौकटींत विनोद बसवणाऱ्याला तीस सेकंदांची जाहिरात अवघड नव्हती. सरबताच्या पुडीसाठी त्याने बग्ज बनीलाही पुन्हा हलवले. आपल्याच सशाला दुसऱ्याच्या मालासाठी. १९६७ पासून आलेल्या एका वेफर्सच्या जाहिरातमालेतल्या मेक्सिकन दरोडेखोराच्या पात्रामुळे मेक्सिकन-अमेरिकन संघटनांनी निषेध केला आणि कंपनीला ते पात्र मागे घ्यावे लागले. जुनी सवय अशी पुन्हा आडवी आली.

घरातली पडझड याहून मोठी होती. १९७२ मध्ये त्याचा तरुण मुलगा अमली पदार्थांच्या अतिसेवनाने गेला. संसारही मोडला. तो मुळात अबोल. आता आणखी मिटला. त्याच सुमारास, त्याच्या नकळत म्हणावे असे, त्याचे नाव मात्र वर येऊ लागले होते. फ्रान्समधल्या चित्रपटवेड्यांनी त्याला आधीच डोक्यावर घेतले होते. अमेरिकेत जो ॲडम्सन या अभ्यासकाने त्याच्याशी दीर्घ संवाद करून १९७५ मध्ये त्याच्यावर पुस्तक प्रसिद्ध केले. १९७४ मध्ये ॲनिमेशन क्षेत्राचा विन्सर मॅके पुरस्कार त्याला मिळाला. तरुण चाहते भेटायला येत, एकेक चौकट आठवून प्रश्न विचारीत, आणि हा म्हातारा आपल्या कामात एवढे काय आहे अशा चेहऱ्याने त्यांच्याकडे पाही, असे त्याला भेटलेले सांगतात. तो विनय नव्हता. हसे पुरेसे आले की नाही ही जुनी शंका अजून गेली नव्हती.

अखेरची नोकरी त्याला मिळाली ती हॅना आणि बार्बेरा यांच्याकडे. एमजीएमच्या त्याच इमारतीतले ते जुने शेजारी आता दूरचित्रवाणीच्या कार्टूनचा मोठा कारखाना चालवीत होते. स्वस्त, कमी हालचालींचे, शनिवार सकाळचे कार्टून. एकेका चौकटीसाठी भांडलेला एव्हरी तिथे विनोद सुचवण्याच्या कामावर पगारी माणूस म्हणून रुजू झाला. जुन्या मित्रांनी त्याला आपुलकीने सामावून घेतले होते यात शंका नाही. पण तिथे जे निर्माण होत होते त्यात तोंड हले, धड हलत नसे.

तिथे त्याने एका कोआलाची कल्पना मांडली. हा प्राणी दिसायला ड्रूपीसारखाच मंद, पण पकडायला गेले, की डोळ्याचे पाते लवण्याआधी नाहीसा होणारा. ही मालिका ‘द क्विकी कोआला शो’ या नावाने १९८१ च्या सप्टेंबरमध्ये सुरू झाली. ती पाहायला तो उरला नव्हता. कर्करोगाने २६ ऑगस्ट १९८० रोजी बरबँक येथे, वयाच्या बहात्तराव्या वर्षी त्याचे निधन झाले.

१९९४ च्या ‘द मास्क’मध्ये जिम कॅरी घरात टीव्हीवर ‘रेड हॉट रायडिंग हूड’ पाहतो आणि मग स्वतःच तो लांडगा होतो. डोळे हातभर बाहेर येतात, जबडा टेबलावर पडतो. संगणकाने तेव्हा प्रथमच माणसाच्या चेहऱ्याला ते करायला लावले, जे एव्हरीच्या माणसांनी पन्नास वर्षांपूर्वी पेन्सिलीने केले होते. २०२० पासून त्याचे एमजीएमचे कार्टूनपट स्वच्छ करून नव्याने तबकड्यांवर आले. त्यांच्या चौकटी आता एकेक थांबवून पाहता येतात. प्रेक्षकाला थांबू न देण्यासाठी ज्याने जन्म घालवला त्याचे चित्रपट असे थांबवून पाहताना थोडे अपराधी वाटते. ऐरण कुठून आली ते मात्र तरीही सापडत नाही. एका चौकटीत आकाश मोकळे असते, आणि पुढच्या चौकटीत ती आलेली असते.